‘हर्निया झालाय म्हणून सांगा’ : एका हमालाच्या नसबंदीचं प्रकरण

रात्रीचे साडेदहा वाजले असतील. फोनवर त्याचा आवाज अगदी खाली होता. “भाऊ, गाडी घेऊन पाराजवळ येता का? घरी नको. आई जागी हाय.”

पारावर दिवा नव्हता. मोबाईलच्या उजेडात तो दिसला. पाय फाकवून उभा, एक हात पाराच्या दगडावर, कपाळावर घाम. एरवी पाठीवर पोतं घेऊन ट्रकच्या फळीवर चढणारा माणूस, आणि माझ्या गाडीपर्यंतची चार पावलं टाकताना दात आवळत होता. डावी बाजू मोसंबीएवढी सुजली होती, कातडी काळीनिळी पडली होती, अंगात ताप होता. सूज येऊन चार दिवस झाले होते. एवढ्या दिवसांत त्याने बायकोलासुद्धा काही सांगितलं नव्हतं.

सात दिवसांपूर्वी त्याची नसबंदी झाली होती. सूज ऑपरेशनची, असं कोणीही म्हणेल. पण ऑपरेशन चोख झालं होतं. सूज आली ती ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी आपण तसेच्या तसे गडी आहोत हे दाखवायच्या घाईत. ही घाई त्याच्यात कुठून आली, हे समजावं म्हणून हे प्रकरण लिहितो आहे. त्याने परवानगी दिली आहे. गावाचं नाव लिहीत नाही, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मी मिरज तालुक्यात आरोग्यसेवक आहे. उपकेंद्राच्या कामात हिवताप, लसीकरण, पाण्याचे नमुने आणि कुटुंब नियोजन असं सगळं येतं. कुटुंब नियोजनात आम्ही माणसाला ‘केस’ म्हणतो. केस तयार झाली, केस फिरली, केस झाली. हा शब्द इतका अंगवळणी पडलाय की बोलताना मीही तोच वापरतो. या माणसाने मात्र मला त्या शब्दाची लाज वाटायला लावली.

घर आणि टोळी

वय तेव्हा बत्तीस. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पेठेत हमाली. वडीलही हमालच होते. वडिलांच्या काळात पोतं क्विंटलचं असायचं, आता बहुतेक पन्नास किलोचं भरतात. कमरेला आकडा, डोक्याला टॉवेल, बारा जणांची टोळी आणि टोळीचा मुकादम. गाडी भरली की हमालीचे पैसे टोळीत सारखे वाटायचे. सारखे वाटायचे म्हणजे सारखंच उचलायला हवं. एखादा दोन पोती कमी टाकायला लागला की पहिल्या दिवशी बाकीचे सांभाळून घेतात, दुसऱ्या दिवशी चेष्टा करतात आणि आठवड्याभरात मुकादम त्याला बाजूला घेतो. अंगातली ताकद हीच तिथली पत. बँकेत जशी पत असते, तशी.

लहानपणी दोन-तीन वर्षं तो तालमीतही जायचा. आमच्या सांगली-कोल्हापूर पट्ट्यात ते नवल नाही. तालमीने त्याला दोन गोष्टी दिल्या, मान आणि एक समजूत. वीर्य म्हणजे ताकद, ते सांडलं की माणूस पोकळ. ही समजूत एकट्या तालमीची नाही. ‘धातू जातो’ म्हणून सुकत चाललेली पोरं दवाखान्यात येतात, तपासणीत काही सापडत नाही, आणि त्यांचा थकवा तरीही खरा असतो. डॉ. नरेंद्र विग यांनी १९६० साली या त्रासाला ‘धात सिंड्रोम’ असं नाव दिलं. नाव मिळून साठ वर्षं उलटली, भीती तिथंच आहे.

घरी आई, बायको, पाच वर्षांची मुलगी आणि दीड वर्षाचा मुलगा. धाकटा भाऊ पुण्याला कंपनीत, सणावाराला यायचा. दोन्ही बाळंतपणं सिझरची. दुसऱ्या सिझरच्या वेळीच बायकोचं ऑपरेशन उरकता आलं असतं, पण बाळ जन्मलं तेव्हा दीड किलोचं होतं, काचेच्या पेटीत ठेवलेलं. आई म्हणाली, “पोर जगतंय का बघू, मग कापाकापी.” अशा वेळी घरातलं कोणीच आईच्या विरोधात बोलत नाही. पोर जगलं. पण बायकोचं रक्त सातवर आलं ते वर चढेना. गोळ्या झाल्या, सलाईन झालं, एकदा दोन दिवस दाखल करून रक्त चढवावं लागलं. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याला समोर बसवून सांगितलं की तिसरं बाळंतपण हिला झेपायचं नाही, आणि हिचं पोट पुन्हा उघडायची माझी इच्छा नाही. तुम्ही करून घ्या. दहा मिनिटांचं काम आहे.

तो “बघतो” म्हणाला. बायको मला नंतर म्हणाली, “हे त्या रात्री जेवलं न्हाईत.”

विचारून पाहिलं तेव्हा

त्याने विषय दोन ठिकाणी काढला.

आईजवळ सरळ काढला. म्हातारी भाकरी थापत होती, तिने हातही थांबवला नाही. “बाप्या माणसानं कशापायी कापून घ्यायचं? बायका कशाला हायत?” तिला सुनेचा दुस्वास नव्हता. सुनेला रक्त चढवलं त्या दोन रात्री दवाखान्यात खाली चटईवर तीच झोपली होती. पण सून झिजली तर घर कसंबसं चालतं आणि मुलगा बसला तर चूल विझते, असा तिचा हिशोब होता. स्वतः तिने नवऱ्याच्या माघारी दोन मुलं वाढवली होती. तो हिशोब तिने पोथीतून घेतला नव्हता.

टोळीत त्याने आडून काढला. “आमच्या शेजारी एक जण करून घेतोय म्हणं.” चहाची वेळ होती. पुढची दहा मिनिटं त्या न दिसलेल्या शेजाऱ्यावर जे बोललं गेलं, ते त्याने मला पाराजवळच्या त्या रात्री दवाखान्याच्या वाटेवर सांगितलं, गाडीवर मागे बसून, म्हणजे माझ्या तोंडाकडे बघावं न लागता. कोणी म्हणालं, बैल बडवल्यागत झालं की. कोणी म्हणालं, बायको आता दुसरीकडं बघंल. एकाने विचारलं, पैसे किती देतात त्याचे? आणि टोळीतला सगळ्यात वयस्कर हमाल, ज्याला तो काका म्हणायचा, तो एवढंच बोलला, “आमच्या चुलत्याला आणीबाणीत धरून नेलं हुतं. मरंस्तवर त्याला गावात कुणी नावानं हाक मारली न्हाई.”

सगळे हसले. तोही हसला. हे सांगताना त्याचा आवाज बदलला. “मी बी हसलो भाऊ. काय करणार?”

त्या काकांचं बोलणं मी बाजूला टाकू शकत नाही. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून जास्त नसबंद्या झाल्या आणि त्यातल्या ६० लाखांहून जास्त पुरुषांच्या होत्या. महाराष्ट्र विधिमंडळाने तर १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचं विधेयकही मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही. लोकांच्या मनात मात्र ते पक्कं बसलं. पुढे खात्याचं नाव ‘कुटुंब नियोजन’ बदलून ‘कुटुंब कल्याण’ झालं आणि सगळा भार बायकांच्या टाक्याच्या आणि दुर्बिणीच्या ऑपरेशनवर गेला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या विवाहित स्त्रियांपैकी ४९ टक्के स्त्रियांचं ऑपरेशन झालेलं दिसतं. ज्यांच्या नवऱ्याने करून घेतलं, अशा ०.४ टक्के. दोन्हींत जास्त सोपं, जास्त सुरक्षित आणि कमी दिवसांत बरं होणारं ऑपरेशन पुरुषाचं आहे, तरीही. गडचिरोलीकडे चित्र वेगळं आहे. तिथे पुरुष पुढे येतात, म्हणजे ही काही मराठी मातीत मुरलेली, न बदलणारी गोष्ट नाही. र. धों. कर्व्यांनी तर १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं होतं आणि स्वतःची नसबंदीही करून घेतली होती. शंभर वर्षांपूर्वी एका मराठी माणसाने हे उघडपणे केलं आणि सांगितलं. आमच्या टोळीत तो ‘शेजारी’ अजून नाव लपवून फिरतोय.

मी काय सांगितलं, काय सांगितलं नाही

माझ्याकडे तो बायकोमुळे आला. मी त्याला चित्राचा तक्ता काढून नीट समजावलं. अंडकोषातून शुक्रजंतू वर नेणाऱ्या दोन बारीक नळ्या असतात, बोटांच्या चिमटीत दोऱ्यासारख्या लागतात. बिनटाक्याच्या पद्धतीत कातडीला एक बारीकसं छिद्र पाडून त्या नळ्या बाहेर घेतात, कापून बांधतात, परत आत सोडतात. टाका नाही. ही पद्धत चीनमध्ये १९७४ साली निघाली. पुरुषपणाचं संप्रेरक या नळ्यांतून जातच नाही, ते रक्तात मिसळतं, म्हणून दाढी-मिशी, आवाज, ताकद, इच्छा, सगळं जसंच्या तसं. वीर्यही येतं, कारण त्यात शुक्रजंतूंचा वाटा अगदी थोडा, बाकीचा पातळ भाग वरच्या ग्रंथींचा. आणि बैल बडवतात तेव्हा मूळ अवयवच निकामी करतात, त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

हे सगळं बरोबर होतं. आमच्यातला एक जुना सहकारी याच जागी म्हणायचा, “अरे, नांगर ओढतो तो बडवलेलाच बैल की!” लोक हसायचे आणि एखादा तयारही व्हायचा. मी ते कधी वापरलं नाही. माणसाला बैल मानूनच त्याची समजूत घालायची असेल, तर ती घालू नये.

मी जे सांगायला हवं होतं ते वेगळं होतं. “आठ दिवस पोतं उचलायचं नाही” हे मी सांगितलं, पण आठ दिवस हमाल टोळीला काय सांगणार, हे विचारलं नाही. नियमाप्रमाणे पुरुषाला शासनाकडून भरपाई मिळते, ती बुडालेल्या मजुरीसाठीच असते. त्याने पासबुकाची झेरॉक्स दिलीच नाही. “नको ते पैसे. मेसेज आला, पासबुकावर नोंद आली, भावानं बघितली, की संपलं. पैशासाठी कापून घेतलं म्हणतील.” मी थोडा आग्रह करून सोडून दिलं. म्हणजे आठ दिवसांची मजुरी बुडणार, भरपाई नाही, आणि कारण कोणाला सांगायचं नाही. असा माणूस आठ दिवस घरी बसेल हे मी गृहीत धरलं. ही माझी चूक.

ऑपरेशन दुसऱ्या तालुक्यातल्या दवाखान्यात करायचं ठरलं, तीही त्याचीच अट. आईला सांगितलं, कोल्हापूरला गाडीवर चाललोय, मुक्काम पडेल. आशाताईंनाही कळू दिलं नाही. बायकोची सही लागते का, हे त्याने दोनदा विचारलं. लागत नाही. तरी तिला माहीत होतंच, तिनेच त्याला सकाळी डबा बांधून दिला होता.

दहा नाही, पंधरा मिनिटं लागली. बाहेर आला तेव्हा चेहरा मोकळा होता. “एवढंच?” म्हणाला.

तिसरा दिवस

दुसऱ्या दिवशी मी फोन केला. खरं तर अठ्ठेचाळीस तासांत समक्ष बघायचं असतं. त्याने सांगितलं होतं, घरी येऊ नका, आई विचारेल. फोनवर म्हणाला, “एकदम ओके.” मी मानलं.

तिसऱ्या दिवशी तो कामावर गेला. हळदीचा हंगाम होता, गाड्या लागलेल्या. पुढचं मी त्याच्याकडून तुकड्यातुकड्याने ऐकलं आहे. तो म्हणाला की त्या दिवशी त्याने नेहमीपेक्षा जास्त पोती टाकली. थप्पीचा वरचा थर, जिथं पोतं खांद्यावरून डोक्याच्या वर ढकलावं लागतं, तो त्याने मागून घेतला. कोणी काही म्हटलं नव्हतं. कोणाला काही माहीतच नव्हतं. “मग कशासाठी?” मी विचारलं. बराच वेळ गप्प राहून म्हणाला, “मलाच बघायचं हुतं.”

याच वाक्यापाशी मी सगळ्यात जास्त थांबलो आहे. टोळी हसली म्हणून तो गेला असता तर ते समजायला सोपं होतं. इथे टोळीची गरजच उरली नव्हती. बारा जणांचं हसू त्याने स्वतःबरोबर घरी नेलं होतं, ऑपरेशनच्या टेबलावरही नेलं होतं. मी दाखवलेला तक्ता त्याला पटला होता. पण पटणं आणि खात्री होणं यांत फरक असतो, आणि त्याची खात्री फक्त पाठीवर पोतं आल्यावरच होणार होती.

संध्याकाळी आतली बारीक रक्तवाहिनी सुटली असावी, रक्त साकळून सूज सुरू झाली. तो चार दिवस तशाच अवस्थेत कामावर गेला, शेवटचे दोन दिवस वजनाच्या काट्यापाशी उभं राहायचं काम मागून. मुकादमाने विचारलं तेव्हा त्याला उत्तर सापडलं: हर्निया झालाय वाटतं. मुकादमाने लगेच पाठीवर हात ठेवला. हमालाला हर्निया होतो, तो मानाचा असतो, कष्टाने झालेला. त्याच जागेची सूज, तीच वेदना. एका नावाने माणूस उतरतो, दुसऱ्या नावाने त्याला खुर्ची देतात.

त्या रात्री मी त्याला दवाखान्यात नेलं. वाटेत त्याने एवढंच मागितलं, “कुणी विचारलं तर हर्निया झालाय म्हणून सांगा.” दोन दिवस दाखल, इंजेक्शनं, विश्रांती. सूज पूर्ण उतरायला पाच आठवडे लागले. पाच आठवडे तो घरी बसला. जे आठ दिवस त्याला परवडत नव्हते, त्यांचे हे पाच आठवडे झाले. टोळीने वर्गणी काढून दोन हजार रुपये घरी आणून दिले. तेच सगळे जण. काका स्वतः घेऊन आले होते, म्हणाले, “ऑपरेशन करून टाक हर्नियाचं, अंगावर काढू नको.” माणसं वाईट नव्हती, हे मला इथे स्पष्ट लिहायचं आहे.

नऊ दिवस

नसबंदी झाली की लगेच काम होत नाही. नळीच्या वरच्या भागात आधीचे शुक्रजंतू उरलेले असतात. तीन महिने निरोध वापरायचा, मग वीर्य तपासायचं, त्यात शुक्रजंतू नाहीत हे पाहिल्यावरच प्रमाणपत्र मिळतं. तो तपासणीला आला नाही. मी दोनदा आठवण केली. “जातो की.” पाचवा महिना लागला.

आणि बायकोची पाळी चुकली.

सासू खूश. तिला ऑपरेशनचा पत्ताच नव्हता. “दुसरा नातू येतोय,” म्हणून तिने शेजारी बोलूनही दाखवलं. घरात तिघं होते आणि तिघांच्या मनात तीन वेगळ्या गोष्टी. बायको मला म्हणाली, “ह्यांनी एक शब्द विचारला न्हाई. पण नऊ दिवस माझ्याकडं बघितलं न्हाई. ताट पुढं केलं की ताटाकडं बघायचं.” तिच्या डोक्यात एकच होतं, आता हे काय समजतील. त्याच्या डोक्यात काय होतं ते त्याने कधीच सांगितलं नाही, पण टोळीतलं ते वाक्य, बायको दुसरीकडे बघेल, ते मला माहीत होतं.

दहाव्या दिवशी ती उपकेंद्रात आली. निश्चय किटवर, म्हणजे गर्भ तपासायच्या सरकारी किटवर, एकच रेघ उमटली. गर्भ नव्हता, रक्त कमी होतं म्हणून पाळी लांबली असावी. मी सांगितल्यावर ती बाकावर बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. ती संध्याकाळ मी विसरणार नाही.

त्यानंतर तो तपासणीला तयार झाला. पहिल्या खेपेला एकटा गेला. एका खासगी लॅबच्या काउंटरवरच्या पोराने भरल्या खोलीत मोठ्याने विचारलं, “वीर्य तपासणी कोणाची?” तो सरळ बाहेर पडला, एस. टी. पकडून घरी आला. दुसऱ्या खेपेला मी बरोबर गेलो, दुसऱ्या लॅबमध्ये, आधी बोलून ठेवून. दुपारी अहवाल मिळाला. त्याने कागद दोन्ही हातांत धरून वाचला, बोट एका ओळीवर ठेवलं.

“भाऊ, हे शून्य म्हणजे चांगलं न्हवं?”

“चांगलं.”

“शून्य चांगलं,” तो स्वतःशीच म्हणाला आणि कागदाची घडी घातली.

नोंद

आज या गोष्टीला तीन वर्षं होत आली. तो टोळीत आहे, थप्पीचा वरचा थर लावतो, ताकदीत काही फरक पडलेला नाही. त्या काकांनी हमाली सोडली. हर्नियाची चौकशी अजून अधूनमधून होते, त्यावर ‘गोळ्यांनी बसला’ हे उत्तर ठरलेलं आहे.

सासूचा दुसऱ्या नातवाचा धोशा मात्र थांबत नव्हता. शेवटी सुनेने एक दिवस सांगून टाकलं, “रक्त चढवायला नेलं हुतं तवाच माझं ऑपरेशन केलंया. तुम्हांला वाईट वाटंल म्हणून बोलले न्हाई.” म्हातारी आठ दिवस तिच्याशी बोलली नाही. नवरा समोर बसलेला होता. त्याने मला हे सांगितलं तेव्हा तो रडवेला झाला होता. म्हणाला, “मी तोंड उघडायला पाहिजे हुतं.” आणि मग, “पण तिनंच डोळ्यानं न्हाई म्हणून खुणावलं.”

त्याचं प्रमाणपत्र माझ्या टेबलाच्या खणात आहे. घरी न्यायचं नाही, फाडायचंही नाही, असं त्याने सांगितलंय.

मागच्या महिन्यात आशाताईंचं घरोघरी सर्वेक्षण होतं, मी बरोबर होतो. त्यांच्या दारात पोचलो तेव्हा सासू ओट्यावर मेथी निवडत बसली होती. आशाताईंनी वही उघडून विचारलं, कुटुंब नियोजनाचं काय केलंय? सून दारात उभी होती. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग वहीकडे.

“ऑपरेशन झालंय. माझं.”

आशाताईंनी स्त्रियांच्या रकान्यात खूण केली आणि आम्ही पुढच्या घराकडे वळलो.